सेटलमेंट : पत्त्यात उरलेला आणि डोक्यातून गेलेला शब्द

सोलापूरकर मित्रांनो, आज ३१ ऑगस्ट. पोस्ट थोडी मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या शहरात एक पत्ता आहे, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक’. रामवाडी-लिमयेवाडीच्या अंगाला गेलात की कुठलाही रिक्षावाला सोडतो. मतदार यादीत हा पत्ता आहे, लग्नपत्रिकेत आहे, पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तर आहेच आहे. पण सेटलमेंट म्हणजे नेमकं काय, आणि कॉलनी ‘फ्री’ म्हणजे कशापासून फ्री, हे दहा जणांना विचारा. नऊ जण खांदे उडवतील. दहावा म्हणेल, “पूर्वी तिथं चोरांना ठेवायचे.” हे दहाव्याचं उत्तर आपल्या शहराच्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून आज हे लिहितोय.

तिथं चोरांना ठेवत नव्हते. तिथं जातींना ठेवत होते. बाईला, म्हाताऱ्याला, पाळण्यातल्या पोराला. गुन्हा केला म्हणून नाही, एका विशिष्ट जातीत जन्म घेतला म्हणून.

आधी ही माणसं कोण होती ते बघू. आपण ‘भटके’ म्हणून एका शब्दात मोकळे होतो, पण ती काही उगाच रिकामी हिंडणारी माणसं नव्हती. त्यांच्या फिरण्याला वेळापत्रक होतं. पावसाळ्यात एका जागी थांबायचं, सुगी सुरू झाली की गाढवं-घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघायचं. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात जायचं, पाल कुठल्या माळावर टाकायचं, कुठल्या वाड्यावर काय काम मिळेल, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कैकाडी आला की कणगी, टोपली, डालगं विणून मिळायचं. घिसाडी आला की विळे-कुऱ्हाडी शेवटून घ्यायच्या, गाडीच्या चाकाला धाव बसवून घ्यायची. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावायला टकारी. दुखलं-खुपलं तर झाडपाला आणि तुंबडी घेऊन वैदू. पहाटे वासुदेव, लग्नानंतर गोंधळी, दारात नंदीबैलवाला, डवरी गोसावी. आणि विहीर खणायची, तळं बांधायचं, दगड फोडायचा तर वडार.

गावगाडा जागेवर उभा असायचा आणि त्याला वंगण घालणारी ही माणसं फिरत असायची. पैसा कमी, धान्य जास्त. खळ्यावर हक्कानं मागून घ्यायचं. अर्थात सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गांवगाडा’ १९१५ चं. त्यात ‘फिरस्ते’ असं वेगळं प्रकरणच आहे, आणि आत्र्यांना ही माणसं कुणब्याच्या डोक्यावरचा भार वाटतात. म्हणजे गावाच्या मनात गरज आणि संशय दोन्ही होतं. पण संशय होता म्हणून अख्ख्या जमातीला तारेच्या आत कोंडावं, ही कल्पना गावाची नव्हती. ती सरकारची.

भाषा बघा की. आपल्याला वाटतं सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. झालं. पण कैकाडी घरात जे बोलतात ते तमिळच्या जवळचं. वडारांची बोली तेलुगूच्या पोटातली. पारध्यांची बोली गुजरातीच्या, बंजाऱ्यांची राजस्थानीच्या नात्यातली. चार दिशांनी आलेली माणसं या पठारावर एकमेकांच्या वाटा सांभाळून फिरत होती. वर्षातून एकदा मढीला कानिफनाथाच्या यात्रेला जमायचं. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतची ही यात्रा. तिथं गाढवांचा बाजार, तिथंच सोयरिकी, तिथंच जातपंचायत. कागद नव्हता, पण नियम होते. त्यातले काही नियम बायकांवर फार क्रूर होते, तेही लपवायचं कारण नाही.

बंजाऱ्यांचं तर सगळं आयुष्य वाहतुकीचं. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे देशभर चालायचे. मुघलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना रसद याच तांड्यांची. मग १८६० साली मुंबईची रेल्वे सोलापूरला पोहोचली. आपल्या शहराचं भाग्य उघडलं, कापसाला बाजार मिळाला, पुढं गिरण्या आल्या. पण ज्या दिवशी मालगाडीनं धान्य वाहायला सुरुवात केली, त्या दिवशी बैलाच्या पाठीवरची गोणी निरुपयोगी झाली. मिठावर तर सरकारनं आधीच हात ठेवला होता. एक आख्खा व्यवसाय एका पिढीत बसला.

आता १८७१ सालाकडे या. या एका सालात दोन गोष्टी घडल्या. आपला एकरूखचा तलाव, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, पुरा झाला. मातीचं धरण. असल्या धरणांवर माती खणणाऱ्या-वाहणाऱ्यांत वडार समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला इंग्रज सरकारनं ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा मंजूर केला. पुढं ज्या जमाती या कायद्याच्या यादीत चढल्या, त्यात वडारही आले.

हा कायदा काय म्हणत होता? सरकारनं एखाद्या जमातीला गुन्हेगार जाहीर केलं की तिच्या माणसांची नोंद होणार. नोंद झालेल्यानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची. परवान्याशिवाय, म्हणजे पासाशिवाय, हद्द ओलांडायची नाही. आणि जमात गुन्हेगार ठरवण्याच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ च्या दुरुस्तीनं तो देशभर लावायची मोकळीक मिळाली, बोटांचे ठसे आले, मुलांना आईबापापासून वेगळं ठेवायचा अधिकार आला. १९२४ साली सगळं एकत्र करून नवा कायदा झाला.

इंग्रजांना ही बुद्धी का झाली? एक तर १८५७ नंतर त्यांना हिंडणाऱ्या माणसाची धास्ती बसली होती. जो एका जागी नाही, त्याच्याकडून सारा घेता येत नाही, त्याच्यावर नजर ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे त्यांनी जात बघितली आणि सोपा हिशोब केला : सुताराचा मुलगा सुतार, तर चोराचा मुलगा चोर. तिसरं त्यांच्या स्वतःच्या देशातलं. १८२४ चा त्यांचा ‘व्हेग्रन्सी ॲक्ट’ हिंडणाऱ्या बेघर माणसाला गुन्हेगारच समजत होता. तीच नजर बोटीतून इकडं आली.

या सेटलमेंटची कल्पना मुंबई इलाख्यात राबवली ती ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग इथं वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. तारेचं कुंपण, आत ओळीनं खोल्या, शाळा, हजेरी. काही वर्षं वर्तणूक चांगली राहिली की तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळायची, स्वतःचं घर बांधता यायचं. आपल्या पत्त्यातला ‘फ्री’ तो हा.

पण सोलापूरच का? इथं गिरण्या होत्या म्हणून. जुनी मिल १८७७ पासून चालू, मग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू. भोंग्यावर येणारी, पळून न जाणारी माणसं गिरण्यांना हवीच होती. सरकारला ही माणसं एका जागी बांधायची होती. दोघांचं जमलं. सेटलमेंटमधून गिरणीत आणि गिरणीतून परत सेटलमेंटमध्ये. सोलापुरी चादरीचा अभिमान आपण सगळेच सांगतो, मीही सांगतो. या शहराच्या सुतात तारेच्या आतल्या हातांचाही घाम आहे, एवढं फक्त त्या अभिमानात जोडा.

स्टार्ट हा राक्षस होता असं नाही. त्यानं शाळा काढल्या, माणसांना काम दिलं, त्यांच्याबद्दल कळकळीनं लिहिलं. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा तिचे सदस्य. १९३० ला त्यांचा अहवाल आला. पण कळकळीनं चालवलेला कोंडवाडा हा कोंडवाडाच असतो. आतल्या माणसाला पंढरीला जायचं तरी पास, लेकीच्या सासरी जायचं तरी पास. ज्याचं आयुष्यच चालण्यावर उभं होतं, त्याचे पाय कायद्यानं बांधले.

त्याच १९३० सालच्या मे महिन्यात सोलापूरनं इंग्रजांना हलवून सोडलं. मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे फासावर गेले. चार हुतात्मा चौकात आपण दरवर्षी हार घालतो, घातलाच पाहिजे. पण त्याच काळात, त्याच शहरात, हजेरीला उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी आपल्याकडं चौक नाही, पाटी नाही, साधा फलकसुद्धा नाही.

१९३७ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली या कायद्यावर समिती बसली. मग युद्ध, मग स्वातंत्र्य. १५ ऑगस्ट १९४७ ला देश मोकळा झाला, पण हा कायदा पुस्तकात राहिला. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये तो काढला. केंद्रानं अय्यंगार समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. म्हणजे या माणसांचा स्वातंत्र्यदिन तुमच्या-माझ्या स्वातंत्र्यदिनानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी आला. म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणायचं. सोलापूरची तार तुटल्याची आठवण इथल्या चळवळीत पंडित नेहरूंच्या नावानं सांगितली जाते.

तार तुटली, पण पुढं काय? जमिनीचा तुकडा नाही. जुने धंदे संपत आलेले. पिठाची गिरणी आली, जातं गेलं. पत्र्याच्या कोठ्या आणि प्लॅस्टिकची घमेली आली, कैकाड्याची कणगी गेली. उरलेल्यांना नव्या कायद्यांनी गाठलं. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, जुन्या कायद्याचा चुलतभाऊच तो. त्याच साली भीक प्रतिबंधक कायदा आला आणि दारात गाणारा, खेळ करणारा माणूसही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला. तो गरजेचा होता, याबद्दल वाद नाही. पण अस्वलवाल्या दरवेशानं आणि सापवाल्या गारुड्यानं दुसऱ्या दिवशी काय खायचं, याचं कलम त्यात नव्हतं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून काही लोक पश्चिमेला गेले. इराण, तुर्कस्तान करत युरोपभर पसरले. त्यांना रोमा म्हणतात, आपल्या ऐकण्यात ‘जिप्सी’. भाषेच्या अभ्यासकांनी हे नातं शब्दांवरून शोधलं. आजही त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’ म्हणतात. तेही लोहारकाम करायचे, घोड्यांचा व्यापार करायचे, गायचे-वाजवायचे. त्यांच्याही वाट्याला तोच संशय आला. हिटलरच्या राज्यात लाखो रोमांना मारलं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीतल्या त्यांच्या वस्तीतली हजारो माणसं, बायका-मुलांसकट, विषारी वायूनं संपवली. ८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांच्या झेंड्यावर चाक आहे.

“हे सगळं जुनं झालं ओ,” असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा व्हॉट्सअपवर फिरत होती. आठवडी बाजारात आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. आपल्या जिल्ह्यातली माणसं, बापजाद्यांच्या वाटेनं भिक्षा मागायला गेलेली. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. कायदा जाऊन सहासष्ट वर्षं झाली होती, पण अनोळखी हिंडणारा माणूस म्हणजे चोर, हे कलम लोकांच्या डोक्यातून रद्द झालेलं नव्हतं.

आमच्या धंद्यातही बघा. प्रेसनोट येते, ‘अमुक समाजाची टोळी जेरबंद’. बँकेत कोट्यवधींचा घोळ करणाऱ्याची जात बातमीत कधी आली का? यायलाही नको. मग यांचीच का येते? माझं गावोगावच्या वार्ताहर मित्रांना सांगणं आहे : आरोपीचं नाव लिहा, कलम लिहा, जात गाळा. बातमी तेवढीच राहते.

चांगलंही घडलंय, तेही सांगायला हवं. मुळेगाव तांड्याचं नाव हातभट्टीसाठी बदनाम होतं. छापे पडायचे, भट्ट्या फुटायच्या, आठ दिवसांनी परत पेटायच्या. २०२१ साली तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. छापे चालूच ठेवले, पण सोबत माणसं कशानं जगतील याचाही विचार केला. समुपदेशन, पर्यायी रोजगार, गावं अधिकाऱ्यांनी दत्तक घेणं. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पण पोलिसांनीच हा प्रश्न पोटाचा आहे असं धरलं, हे दीडशे वर्षांत किती वेळा झालं?

आणि देशभरातल्या भटक्या-विमुक्तांची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष कोण होते? आपल्या सोलापूरचे बाळकृष्ण रेणके. २००८ ला त्यांनी अहवाल दिला. देशात या समाजांची लोकसंख्या सुमारे ११ कोटी, असा त्यांचा अंदाज. पुढं दादा इदाते आयोग आला. अहवाल साचत गेले.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला काढायचा आणि पडताळणी करायची तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. जरा विचार करा. १९६१ साली ज्याचा आजोबा पाल घेऊन माळावर होता, त्यानं सातबारा कुठून आणायचा? शाळेचा दाखला कुठून आणायचा? सरकारनं आधी त्याला हिंडतोस म्हणून कोंडलं. आता त्याच्या नातवाला विचारतंय, तेव्हा कुठं राहत होतास ते कागदावर दाखव. असले तरुण मला नेहमी भेटतात. फाईल जाड असते, पण नेमका तो एक कागद नसतो. प्रवेशाची तारीख निघून जाते.

दुसरी गंमत सीमेची. महाराष्ट्रात बंजारा आणि वडार हे विमुक्त जातीत. अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकात शिरलात की तेच अनुसूचित जातीत. तेलंगणात गेलात तर बंजारा अनुसूचित जमातीत. कैकाडी तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दोन : विदर्भात अनुसूचित जाती, आपल्याकडं विमुक्त जाती. सोयरीक सीमेपलीकडं होते, सवलत सीमेवर थांबते.

म्हणून येणारी जनगणना महत्त्वाची. जातवार मोजणी पूर्ण झाली ती शेवटची १९३१ साली, म्हणजे तार उभी असताना. आता ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं पुन्हा जात मोजायचं ठरवलंय. घरोघर प्रगणक जातील. पण ज्यांना घर नाही, पाल आहे, ऊसतोडीची कोपी आहे, वीटभट्टी आहे, त्यांच्यापर्यंत कोण जाणार? ही माणसं या वेळीही मोजणीतून सुटली तर पुढची कितीतरी वर्षं त्यांच्यासाठीचा निधी, वसतिगृहं, घरकुलं सगळं अंदाजावरच चालेल.

माझ्या तीन मागण्या आहेत. महापालिकेला : सेटलमेंटमध्ये एक फलक लावा, इथं काय होतं ते चार ओळीत लिहा. जिल्हा प्रशासनाला : सेटलमेंटची जुनी दप्तरं, शाळेची रजिस्टरं, गिरण्यांची हजेरीपत्रकं जी कुठं पडून असतील ती शोधा आणि जपा. त्यातून एखाद्या पोराला १९६१ च्या आधीचा आजोबा सापडेल. ज्या हजेरीनं आजोबाला बांधलं, तिनं निदान नातवाला दाखला तरी द्यावा. आणि तिसरी तुम्हाला : तुमच्या गावाजवळ पाल पडलं असेल तर जनगणनेच्या वेळी प्रगणकाला हाताला धरून तिथं न्या.

सेटलमेंटमधल्या वाचकांनो, तुमच्या घरात जुना पास, गिरणीचं कार्ड, फोटो, काहीही असेल तर फेकू नका. मला कळवा, मी येऊन बघतो, फोटो काढतो, कागद तुमच्याच घरी राहील.